हाताने बनवलेल्या गिटारच्या मानेचा सांधा सुटलाय : उघडायचा की तसाच चिकटवायचा?

गवतीचहा

नमस्कार मंडळी. या विभागात राग, ताल, कॉर्ड्स यांवर भरपूर चर्चा होते. मी मात्र सुतारकाम घेऊन आलेय.

भाच्याची गिटार आता माझ्याकडे चिपळूणला आली आहे. कारखान्यातली नाही, एका कारागिरांनी हाताने बनवलेली. नेक (म्हणजे मान) तून नावाच्या झाडाच्या लाकडाचा, फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) आणि हेडस्टॉकवरची (खुंट्या असतात त्या टोकावरची) पातळ पट्टी शिसवीची, पॉलिश लाखेचं. ते कारागीर आता हे काम करत नाहीत, त्यामुळे परत पाठवायचा प्रश्नच नाही. सोलापुरात ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत होती, भिंतीला टेकवून, तारा पूर्ण ताणलेल्या. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी भोगलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

लक्षण असं : नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या छोट्या पट्टीच्या मागे, जिथून हेडस्टॉक मागे झुकतो तिथे, पाठच्या बाजूला एक तिरकी रेघ आहे. नख फिरवलं की अडकतं. तारा सुरात आणल्या की रेघ उघडते आणि वहीचा कागद आत सरकतो. तारा सैल केल्या की बंद होते, इतकी की शोधावी लागते. सूर तर टिकतच नाही, सकाळी लावलेली गिटार दुपारी उतरलेली असते. दोन्ही बाजूंनी पाहिलं तर रेघ तिरकी वर चढत शिसवीच्या पट्टीखाली जाते. पट्टी अजून अखंड आहे.

आमच्या ओळखीचे सुतार म्हणाले, "ताई, इंजेक्शनच्या सुईने पांढरा गोंद सोडतो, शिकंजा लावतो, उद्या घेऊन जा." माणूस चांगला आहे, घरातली सगळी कपाटं त्यांनीच केलीत. पण मन धजावत नाही. काय करावं?

कोपऱ्यातला_काका

नवीन घ्या की हो. भाच्यालाही आनंद, तुम्हालाही.

गवतीचहा

काका, भाचा हॉस्टेलला गेलाय आणि जाताना "मावशी, हिला टाकू नकोस" म्हणून गेलाय. पुढे बोला.

रंधेवाला

आधी तारा काढा. आजच. ट्रस रॉड (नेक सरळ राहावा म्हणून आत बसवलेली लोखंडी सळई) असेल तर तोही पूर्ण सैल करा. ०.०१२च्या (सगळ्यांत बारीक तारेची इंचातली जाडी) नेहमीच्या स्टीलच्या सेटमध्ये सहा तारांचा मिळून ताण ७० ते ७५ किलोच्या घरात जातो आणि तो सगळा हेडस्टॉकला पुढे ओढत असतो. म्हणूनच तुमची रेघ पाठीला उघडते. वरची शिसवीची पट्टी सध्या बिजागरीचं काम करतेय. ती फुटली की हेडस्टॉक हातात येईल.

हे मोडलेलं लाकूड नाही, सुटलेला सांधा आहे, असं वर्णनावरून वाटतं. दोघांत फरक मोठा. हेडस्टॉक मागे झुकवायचा तर दोन मार्ग असतात. एक, जाड ओंडक्यातून अख्खा नेक झुकावासकट कोरून काढायचा. त्यात लाकूड वाया जातं आणि झुकावाच्या जागी तंतू आखूड पडतात, म्हणून गिटार आडवी पडली की तिथेच मोडते. दुसरा, फळी तिरकी कापायची, तुकडा उलटा करायचा आणि परत चिकटवायचा. याला स्कार्फ जॉइंट म्हणतात. नीट केला तर हा जास्त मजबूत, कारण दोन्ही तुकड्यांत तंतू लांबीच्या दिशेने जातात आणि चिकटायला पृष्ठभागही ऐसपैस मिळतो. असा सांधा सुटला तर दोष बहुतेक वेळा लाकडाचा नसतो.

खात्री करायची तर रेघेत टॉर्च मारा आणि भिंगातून बघा. उघडलेल्या फटीत उपटलेले, केसाळ तंतू दिसतात का, की गुळगुळीत, चकाकणारी कड दिसते? केसाळ असेल तर लाकूड फाटलंय. तसं असेल तर दोन्ही बाजू एकमेकांत अचूक बसतात आणि ताजी चीर उघडून गोंद भरून दाबली तरी चालतं. गुळगुळीत असेल तर गोंदाने लाकूड सोडलंय. मग सुतारांचं इंजेक्शन तुमच्या कामाचं नाही.

गवतीचहा

टॉर्च मारली. चकाकतंय. तंतू एकही दिसत नाही. पण इंजेक्शन का नको? कपाटं तर वर्षानुवर्षं टिकतात.

रसायनी

इथे मी थोडी भर घालतो, गोंद हा माझ्या नोकरीचा विषय आहे.

पांढरा सुतारी गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेलं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, थोडक्यात पीव्हीए. ओला असताना तो लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांत शिरतो, पाणी निघून गेलं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. त्याची सगळी ताकद लाकडात शिरण्यावर आहे. जुन्या सांध्यात लाकडाच्या तोंडावर आधीच वाळलेला पापुद्रा बसलेला आहे. नवीन गोंद सुईने सोडलात तर तो त्या पापुद्र्यावर बसेल, लाकडापर्यंत पोचणारच नाही. आणि वाळलेल्या पीव्हीएवर नवा पीव्हीए नीट धरत नाही. दोन दिवस छान वाटेल, ताण आला की पुन्हा उघडेल. पुढच्या माणसाला मग दोन थर खरवडावे लागतील.

कपाटाचं म्हणाल तर तिथे सांध्यावर सतत ओढ नसते. दार उघडलं, बंद केलं, संपलं. गिटारमध्ये रात्रंदिवस एकाच दिशेने ओढ असते. पीव्हीए हे थर्मोप्लास्टिक आहे, म्हणजे उष्णतेने मऊ होणारं. शुद्ध स्वरूपात ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते काचेसारख्या कडकपणातून रबरासारख्या मऊपणाकडे जातं. पत्र्याची खोली, मे महिना, तारा ताणलेल्या. सांधा तुटत नाही, हळूहळू सरकतो. शॉप फ्लोअरवर आम्ही याला क्रीप म्हणतो. लाकडी फर्निचरसाठी हाच गोंद उत्तम आहे, त्याला दोष देऊ नका. काम चुकीचं दिलं गेलं.

काळी_दोन

इतकं काही नसतं हो. माझ्या गिटारचा असाच सांधा पातळ सुपरग्लू सोडून दाबला, कित्येक वर्षं वाजतेय. केशाकर्षणाने तो आपोआप आत जातो, शिकंजाही लागत नाही.

रंधेवाला

काळी_दोन, तुमची चीर ताजी होती की जुना सांधा सुटलेला? आणि तारा स्टीलच्या की नायलॉनच्या?

काळी_दोन

क्लासिकल आहे, नायलॉन. गिटार पडली होती आणि हेडस्टॉकला चीर गेली होती.

रंधेवाला

मग तुमचं बरोबरच होतं. ताजी चीर, उघडं लाकूड आणि ताणही निम्म्याच्या आसपास. नायलॉनचा नॉर्मल सेट ४० किलोच्या जवळपास ओढतो. गवतीचहा यांच्याकडे यातलं काहीच नाही. शिवाय सुपरग्लू एकदा तंतूंत शिरला की त्या जागी नंतर दुसरा कुठलाच गोंद शिरत नाही. दुरुस्ती फसली तर पुढची वाट बंद.

मिरजकर_तंबोरा

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यान् पिढ्या चालतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटारमध्ये जे हेडस्टॉकपाशी घडलं ते आमच्याकडे गुळूपाशी घडतं. गुळू म्हणजे भोपळा आणि दांडी यांना जोडणारा लाकडी भाग. तिथला सांधा ढिला झाला की दांडी पुढे झुकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं की "जवारी बिघडली". जवारी, म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाची घासून केलेली घडण, ठीक असते, सांधा गेलेला असतो.

जुन्या वाद्यांत हे सांधे सरसाने जोडलेले असत. जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस, त्याचे खडे किंवा चकत्या मिळतात. रात्री थंड पाण्यात भिजत घालायचा, सकाळी डब्यात डबा ठेवून गरम करायचा. उकळी अजिबात येऊ द्यायची नाही. ६० अंशांच्या आसपास ठेवायचा, त्याच्या फार वर गेला की त्याची ताकद मरते. त्याचा मोठा गुण : वाफ आणि ऊब दिली की सुटतो, आणि नवा सरस जुन्या सरसाला धरतो. म्हणून शंभर वर्षांचा तंबोराही उघडून परत बसवता येतो. वाद्य हे उघडता आलंच पाहिजे. माझं मत विचाराल तर ताईंनी सरसच वापरावा.

म्हापशेकार

सरसाबद्दल आदर आहे, पण पावसाळ्यात कोकण-गोव्याकडे जरा दमानं. आमच्या घरातल्या जुन्या व्हायोलिनच्या कडा दर पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी सुटतात. व्हायोलिनमध्ये ते मुद्दामच असतं म्हणतात, कडेला पातळ सरस लावतात, म्हणजे लाकूड फुगलं तर फळी फुटण्याआधी सांधा सुटावा. पण नेकला तसं सुटून कसं चालेल?

आणि ताई, एक महत्त्वाचं. आत्ता चिपळूणला पाऊस असेल. हवेतली आर्द्रता ८५-९०% असताना लाकडात १८-२०% पाणी मुरलेलं असतं. ५०% आर्द्रतेला तेच ९%च्या आसपास असतं. आत्ता फुगलेल्या लाकडावर गोंद लावून दाबलंत आणि डिसेंबरात ते आकसलं तर तो ताण सगळा सांध्यावर येणार. घाई नसेल तर थांबा. नाहीतर एसी किंवा डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीत नेक काही दिवस ठेवा, मगच हात लावा. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका, आमच्या शेजाऱ्याने युकुलेलेला तसं केलंय!

गवतीचहा

एसीची खोली आहे, हायग्रोमीटरही मागवलाय. ५५%च्या खाली येतंय. थांबायची तयारी आहे.

उघडायचं नक्की झालं असं समजते. पण कसं? ओढायचं का? मला भीती शिसवीच्या पट्टीची वाटते.

पोर्टलँडची_माई

मी इथे एका लूथियरच्या (तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिराच्या) वर्गाला जाऊन दोन-चार गिटारी बनवल्यात, हौस म्हणून. सांधा उघडायचं काम मी केलंय, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

ओढायचं मुळीच नाही. जे आपोआप सुटतं तेच सोडवायचं. खुंट्या आणि नट काढून घ्या. तुमचा ट्रस रॉड कुठून फिरतो ते बघा. साउंडहोलच्या आतून फिरत असेल तर नशीब, सांध्यात रॉड आडवा येणार नाही. हेडस्टॉककडून फिरत असेल तर गोंद त्या खाचेत जाणार नाही याची वेगळी काळजी घ्यावी लागते, रॉडला मेण लावायचं आणि खाच बुजवून ठेवायची.

पहिल्यांदा शिसवीची पट्टी. ओलं फडकं पट्टीवर, त्यावर मध्यम गरम इस्त्री, बाजूला फिंगरबोर्डवर पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम फॉइल. लाखेचं पॉलिश पांढरं पडेल, पडू दे, ते परत करता येतं. ऊब लाकडात उतरायला वेळ लागतो. पाच-सात मिनिटं धीर धरा. मग पातळ, बोथट सुरी, पेंटिंगची पॅलेट नाइफ असते तशी, गरम करून एका कोपऱ्यातून सरकवायची. जिथे अडेल तिथे जोर लावायचा नाही, परत ऊब द्यायची. सुरी लाकडाच्या तंतूंच्या दिशेनेच जाऊ द्या, नाहीतर ती पट्टीत शिरते आणि चिरफळी निघते.

पट्टी निघाली की तिला दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवा, नाहीतर वाळताना वाटीसारखी वळेल.

मग मुख्य सांधा. तो अर्धा सुटलेलाच आहे. हॉट एअर गनने भाजू नका. पॅलेट नाइफ आणि थोडं कोमट व्हिनेगर पुरे. साधं पांढरं, लोणच्यातलं. व्हिनेगर पीव्हीएला मऊ करतं. फटीत ब्रशने सोडा, थांबा, सुरी सरकवा, परत सोडा. मिरजकरांचा सरस असता तर वाफेने काम झालं असतं.

रसायनी

व्हिनेगरला अनुमोदन. पण नंतर कोमट पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. आम्लाचा अंश राहिला तर नव्या गोंदाला त्रास होतो.

कोपऱ्यातला_काका

इस्त्री, व्हिनेगर, सुरी. हा धागा पाककृती विभागात हलवावा अशी संपादकांना विनंती.

गवतीचहा

काका, हसू आलं खरं.

उघडलं! फोटो टाकलेत. पट्टी सगळी निघाली, एका कोपऱ्यात नखाएवढा तुकडा सुटला, तो जपून ठेवलाय. मुख्य सांधा तर व्हिनेगर पोचल्यावर कागदाची घडी उलगडावी तसा उघडला.

आता आत काय दिसलं ते सांगते. हेडस्टॉकच्या तुकड्यावर गोंदाचा पापुद्रा अख्खा शिल्लक आहे, पिवळट, काचेसारखा. नखाने एक कड उचलली तर पट्टीच्या पट्टी सोलून निघाली. नेकच्या बाजूला मात्र जवळजवळ काहीच नाही. त्या बाजूच्या लाकडावर आडव्या रेघा आहेत, समांतर, बारीक. आणि मजा म्हणजे त्याच रेघांचा ठसा समोरच्या पापुद्र्यावर उमटलाय. रेघांच्या फक्त कंगोऱ्यांवर गोंदाचे ठिपके आहेत, खोलगट भागात लाकूड कोरं.

रंधेवाला

वा, तुम्ही निदान करून टाकलंत. त्या करवतीच्या रेघा आहेत. नेकची बाजू कापली आणि रंधा न मारता तशीच चिकटवली. "खरखरीत असलं की गोंद चांगला धरतो" हा समज फार पसरलेला आहे, आपल्याकडेही आणि बाहेरही. काँक्रीटवर प्लॅस्टर धरतं म्हणून लाकडावर गोंदही तसाच धरेल असं लोकांना वाटतं. लाकडाला उलटं हवं असतं : ताज्या रंध्याचा सपाट, तकतकीत पृष्ठभाग, दोन्ही बाजू इतक्या जुळलेल्या की मध्ये गोंदाचा पापुद्रा दिसूच नये. तुमच्याकडे खाचांत गोंदाचा जाड थर साचला, आकसला, एका बाजूने सुटला. ठिपके तेवढे धरून राहिले. सोलापूरच्या उन्हाने तेही गेले.

म्हणजे उष्णता निमित्त झाली. सांधा पहिल्या दिवसापासून अर्धाच होता.

गवतीचहा

म्हणजे इंजेक्शन दिलं असतं तर?

रंधेवाला

तर त्या काचेवर अजून एक काच चढली असती.

आता साफसफाई. पॉलिशपेपर हातात घेऊ नका, मोह होईल तरी. पेपरने कडा गोल होतात आणि सांध्याच्या कडेलाच फट राहते, जिथे सगळ्यांत जास्त ताण येतो. खरवडायला पातळ स्टीलची पट्टी, नाहीतर पटाशी उभी धरून तासा. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. मग वाळवा, परत तासा. संपलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. पृष्ठभागावर ठिकठिकाणी पाण्याचा थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर खाली अजून गोंद आहे. पसरून मुरला तर उघडं लाकूड आहे.

करवतीच्या रेघा जायला मात्र रंधा लागेल. दोन्ही तुकडे तिरक्या बाजू एका सपाटीत येतील असे एकावर एक शिकंज्यात धरायचे आणि एकाच वेळी रंधा मारायचा. म्हणजे कोन दोघांचाही एकच राहतो. रंध्याचं पातं आधी धार लावून घ्या, ब्लॉक प्लेन (एका हातात मावणारा छोटा रंधा) असेल तर उत्तम. तुमच्या सुतारांकडून हे काम करून घ्या. कपाटं नीट करणाऱ्या माणसाचा हात रंध्यावर बसलेलाच असतो. अगदी केसभर जाईल, नटच्या जागेला त्याने काही होत नाही.

गवतीचहा

सुतारांना सगळं दाखवलं. आधी त्यांना पटत नव्हतं. पापुद्रा सोलून दाखवला आणि करवतीच्या रेघा दाखवल्या तेव्हा म्हणाले, "हे कुणी केलं? असं तर आम्ही चौकटसुद्धा जोडत नाही." मग स्वतःहून दगडावर पातं घासायला बसले. रंधा मारल्यावर दोन तुकडे एकमेकांवर ठेवून खिडकीसमोर धरले, उजेड कुठूनच आला नाही. पुढे ते म्हणाले की खडू लावून बघू. एका बाजूला निळा खडू घासला, दाबून उचललं, दुसऱ्या बाजूला रंग सगळीकडे सारखा उमटला. एका टोकाला थोडा फिका होता, तिथे अजून एक हलका हात फिरवला.

थेंबाची परीक्षाही झाली. सगळीकडे मुरला.

आता गोंद कुठला ते सांगा. मिरजकर सरस म्हणतात, रसायनी पीव्हीए नको म्हणतात, बाजारात अराल्डाइटही मिळतं.

रसायनी

अराल्डाइट म्हणजे इपॉक्सी. स्टँडर्डचं, २४ तासांत कडक होणारं, वापरलं तर सांधा धरेल, सरकणारही नाही. पाच मिनिटांत धरणारं घेऊ नका, ते तितकं कडक होत नाही. पण इपॉक्सीची खरी गरज तिथे, जिथे फट भरायची असते. तुमच्याकडे आता फटच नाही. शिवाय परत उघडायची वेळ आली तर ते साफ करणं म्हणजे शिक्षा.

माझं मत पिवळ्या ॲलिफॅटिक गोंदाला. पीव्हीएच्याच कुळातला, पण वाळल्यावर जास्त कडक होतो आणि कमी सरकतो. टाईटबाँडची लाल लेबलची मूळ बाटली ऑनलाइन मिळते, वाद्यवाले तीच वापरतात, जलरोधक प्रकार नाही. बाटलीवरची तारीख बघून घ्या. जुना झाला की गोंद धाग्यासारखा ताणला जातो.

मिरजकर_तंबोरा

मी सरसावरच ठाम आहे. कोरडा असताना सरस सरकत नाही, हे रसायनीही मान्य करतील.

रसायनी

करतो की. कोरडा असताना. चिपळूणमध्ये वर्षातले चार महिने कोरडं काय असतं ते सांगा.

मिरजकर_तंबोरा

मग वाद्य पेटीत ठेवावं, सिलिका जेल टाकावं. तंबोरा नाही का आपण गवसणीत ठेवत!

पोर्टलँडची_माई

दोघांचंही खरं आहे. पण माझा मुद्दा वेगळा. सरस लावल्यावर तो गोठायच्या आत, म्हणजे मिनिटभरात, शिकंजे लागले पाहिजेत. तुकडे आधी गरम करून घेतले तर थोडा वेळ वाढतो, तरी पहिल्यांदा करणाऱ्याला ते कठीणच. पिवळा गोंद चार-पाच मिनिटं देतो. आणि तिरका सांधा दाबला की लोणी लावल्यासारखा घसरतो. हेडस्टॉक आपल्या जागेवरून दोन मिलिमीटर पुढे सरकलेला तुम्हाला वाळल्यावरच कळतो. म्हणून वेळ हवा.

घसरू नये म्हणून उपाय : ज्या जागी नंतर शिसवीची पट्टी येणार तिथे दोन बारीक भोकं पाडून बांबूच्या टूथपिकच्या खुंट्या बसवा. पट्टीखाली त्या झाकल्या जातील. काही लोक गोंदावर मिठाचे दोन-चार दाणे टाकतात, दाबल्यावर ते लाकडात रुततात आणि सांधा जागेवर राहतो. मी खुंट्याच वापरते.

शिकंज्याचं तोंड तिरक्या हेडस्टॉकवर नीट बसत नाही. नेक कापताना उरलेला तिरका तुकडा असता तर तो उलटा करून ठेवला असता. नसेल तर सुतारांकडून त्याच कोनाची पाचर करून घ्या, तोंडाला कॉर्क चिकटवा. एकदा कोरडा सराव करा, सगळे शिकंजे लावून बघा, मगच गोंद उघडा.

रंधेवाला

एक सांगायचं राहिलं. शिकंजा जीव खाऊन आवळू नका. गोंद सगळाच बाहेर गेला तर सांधा उपाशी राहतो. कडेने बारीक मण्यांची सलग माळ आली की थांबा. माळ कुठे तुटली असेल तर तिथे दाब कमी पडतोय.

काळी_दोन

शिकंज्याऐवजी सायकलची ट्यूब गुंडाळली तर? आमच्याकडे तबल्याच्या खोडाला तडा गेला की असंच करतात.

रंधेवाला

गोल वस्तूला झकास. तिरक्या सांध्याला ट्यूब घसरण्याच्या दिशेनेच ओढते. शिकंजे लावून झाल्यावर वरून एखादा वेढा द्यायला हरकत नाही.

गवतीचहा

लाल लेबलवालीच घेतली. मिरजकर, रागावू नका. सराव सुतारांसोबत केला आणि बरं झालं, कारण सरावातच कळलं की एक शिकंजा खुंटीच्या भोकावर येतोय आणि तिथे पातळ लाकूड दबतंय. त्याच्याखाली सागाची पट्टी ठेवली. मण्यांची माळ दोन्ही बाजूंनी सारखी आली, ओल्या फडक्याने पुसली. हवा दमट म्हणून एसीच्या खोलीत दुप्पट वेळ शिकंज्यात ठेवलं.

शिसवीची पट्टी बसवण्याआधी तिची मागची बाजू ॲसिटोनने पुसली, शिसवीत तेल असतं म्हणून. तो नखाएवढा तुकडाही परत त्याच्या जागी बसला. पॉलिश सुतारांच्या भावाने केलं, तो फर्निचरला लाखेचं पॉलिश करतो. पांढरे पडलेले डाग स्पिरिटचा हात फिरवल्यावर निघाले.

आता तारा चढवू का?

पोर्टलँडची_माई

चढवा, पण एकदम सुरात नको. आणि त्याआधी एक गोष्ट करा. पाठच्या बाजूला, सांध्याच्या रेघेला आडवी अशी, धारदार ब्लेडच्या टोकाने केसाएवढी खूण करा. दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एकच सरळ खूण. सांधा किंचितही सरकला तर ती खूण तुटलेली दिसेल. नुसत्या डोळ्यांना सांधा सरकताना कधीच दिसत नाही, खूण मात्र खोटं बोलत नाही.

तारा पहिल्यांदा ०.०१०च्या सेटच्या घ्या, ताण ६० किलोच्या आसपास राहतो. आणि सुरुवातीला एक पूर्ण स्वर खाली लावा.

गवतीचहा

खूण केली, भिंगातून रोज बघतेय. दहाच्या तारा, आधी एक स्वर खाली, मग पूर्ण सुरात. खूण अजून सलग आहे आणि सकाळी लावलेला सूर रात्रीपर्यंत राहतोय. ट्रस रॉड पाव फेरा कसावा लागला.

सुतारांनी मजुरी घेतली नाही, म्हणाले गिटार वाजवून दाखवा. मला चारच कॉर्ड येतात, त्या ऐकवल्या.

मिरजकर_तंबोरा

अभिनंदन. रागावलेलो नाही. पण पुढच्या पावसाळ्यात खूण कशी आहे ते इथे कळवा.

कोपऱ्यातला_काका

मी नवीन घ्या म्हणालो होतो ते मागे घेतो. वाचनखूण साठवली.

म्हापशेकार

त्या तांदळातल्या युकुलेलेचा ब्रिज (तारा अडकवायची घोडी) उचलला गेलाय बरं का. शेजारी विचारतोय की हाच उपाय चालेल का?

रंधेवाला

ब्रिजचं प्रकरण वेगळं, तिथे खालची फळी जेमतेम दोन मिलिमीटरची असते, इस्त्रीने वाट लागेल. वेगळा धागा काढा, बाजूने उजेड टाकून फोटो घ्या, आणि तोवर त्यांना म्हणावं तारा सैल करा आणि तांदळातून बाहेर काढा.